खिरीच्या पातेल्यातली कोरफड

जिच्यासाठी काहीच करावं लागत नाही अशी बाग लावायचं मी ठरवलं आणि त्यापायी नोकरीतल्या पस्तीस वर्षांत केलं नव्हतं तेवढं काम मला आठ दिवसांत करावं लागलं.

लातुरात नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही, त्यामुळे गुलाब-मोगऱ्याचे लाड परवडत नाहीत. निवृत्त झाल्या झाल्या मी अभ्यास केला (म्हणजे मोबाईलवर व्हिडिओ बघितले) आणि ठरवलं, की कोरफड, निवडुंग आणि जेड लावायचं, तेही धातूच्या कुंड्यांत. प्लॅस्टिकची कुंडी आमच्या उन्हात दोन वर्षांत पापडासारखी मोडते. मातीची कुंडी झाडाआधी स्वतःच पाणी पिते. धातूची कुंडी पाणी पीत नाही, फुटत नाही आणि माकडानं ढकलली तरी फक्त आवाज करते.

माझी बायको शोभा तेव्हा दहा दिवसांसाठी बहिणीकडे नांदेडला गेली होती. कुंड्या शोधायला मी माळ्यावर चढलो, तर तिथे जर्मनची तीन भलीमोठी पातेली! (अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. का, ते जर्मन लोकांनाही ठाऊक नसेल.) एकेका पातेल्यात मी स्वतः मांडी घालून बसलो असतो. घरात आम्ही दोघंच, एवढ्या भांड्यांचं काय काम, असा विचार मी केला. ती आली कुठून, हा विचार केला नाही. शोभा म्हणते, तिनं मला दोनदा सांगितलं होतं. सांगितलं असेलही. मी तेव्हा व्हिडिओ बघत असणार.

शेजारच्या गुरुजींची ड्रिल मशीन आणली. पाणी साचलं की मुळं कुजतात, पण पाच भोकं पुरेत असं गुरुजी म्हणाले. मी प्रत्येकी अकरा पाडली, कारण हात बसला होता. तळाला खडी, वर मातीत निम्मी वाळू, अशी तयारी करून झाडं लावली आणि पातेली गच्चीवर मांडली. दुसऱ्या दिवशी दुपारी एका पातेल्याला हात लावला तर बोटांना फोड आले. आत कोरफडीची भाजी शिजत होती! मग सगळं उपसलं, आतून पोत्याचं अस्तर दिलं, बाहेरून पांढरा रंग मारला, खाली विटा ठेवल्या आणि पातेली जिन्याच्या सावलीला सरकवली. कंबर कामातून गेली, पण झाडं तगली. शोभा आली की तिला वर नेऊन थक्क करायचं, असं ठरवून मी वाट बघत बसलो.

ती आली, आणि तिच्या मागोमाग जयभीम म्हणत विहाराच्या महिला मंडळाच्या पाच बायका आल्या. बुद्धपौर्णिमा दोन दिवसांवर होती. त्या दिवशी विहारात अख्ख्या वस्तीसाठी खीर होते आणि त्या खिरीची भांडी दर वर्षी एका घरी सांभाळायला दिलेली असतात. हा मान मिळावा म्हणून शोभा सात वर्षं थांबली होती. (मागे एका बाईच्या घरून एक झाकण हरवलं होतं, तिला अजून झाकणवाली म्हणतात.) हे सगळं मला त्या बायकांना पाणी देता देता कळत गेलं.

"माझ्याकडं चमचासुदिक इकडचा तिकडं झाला न्हाई, काकू," शोभा मंडळाच्या अध्यक्षांना सांगत होती. कांताकाकू सत्तरीच्या, वस्तीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी कौतुकानं मान हलवली. मी भरलेले पेले पुन्हा भरायला घेतले.

शोभा माळ्यावर चढली आणि वरूनच तिनं विचारलं, "अहो, पातेली कुठं हायत?"

"गच्चीवर. सावलीत," मी म्हणालो. (खोटं बोललो नाही, एवढंच समाधान.)

सगळ्या गच्चीवर आल्या. शोभानं एकदा कोरफडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात वर्षं थांबून तिनं मिळवलेला मान मी तेहेतीस भोकांतून गळू दिला होता.

कांताकाकूंनी वाकून एका पातेल्याच्या बुडाखाली बघितलं.

"भोकं तू पाडलीस, बाबा?"

"हो."

"शोभाला इचारून?"

"ती नांदेडला होती."

"मग ह्यात शोभाचं काईच न्हाई," काकू बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या. "एवढी भोकं बाईमाणूस पाडत न्हाई."

शोभा निर्दोष सुटली. मी भोकं बुजवायची तयारी दाखवली आणि एक पातेलं रिकामं करून बाजारात भांडी दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्यानं ते उजेडाकडे धरून बघितलं आणि मला विचारलं, की यातनं ज्वारी चाळता की हरभरा? मग मी मुकाट्यानं तीन नवी पातेली घेतली. पौर्णिमेला त्यांत खीर झाली, आणि ढवळायचं काम न मागता मला मिळालं. पहिली वाटी शोभानं मला आणून दिली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

जुनी पातेली काकूंनी झाडांसकट विहाराच्या फाटकाशी नेऊन ठेवली. तिथे आजवर एक रोप जगलं नव्हतं. आता कोरफडीला इतकी पिलं फुटलीत, की बायका ती घरी घेऊन जातात आणि धातूच्या कुंडीला अस्तर कसं द्यायचं ते मला विचारतात. मला फार बरं वाटतं.

पुढच्याच बैठकीत काकूंनी जाहीर केलं, की नवी पातेलीही शोभाकडेच राहतील. अट एकच घातली. आमच्या माळ्याला आता कुलूप आहे आणि किल्ली कांताकाकूंच्या कनवटीला असते. परवा मला माळ्यावरचं पांघरूण हवं होतं, म्हणून तीन गल्ल्या चालत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, किल्ली दिली आणि माझ्यावर नजर ठेवायला सोबत दोन बायकाही दिल्या.