साहेबांच्या सुपातल्या किलपा

२००२ च्या ऑगस्टमध्ये, एका मंगळवारी दुपारी, माझ्या मावशीने गळ्यातली तुळशीची माळ काढून सणसवाडीच्या एका बंगल्याच्या खिडकीत ठेवली. कारण माझा एक प्रश्न होता.

मावशी मांडवगण फराट्याची. त्या बंगल्यात कारखान्याचे एक जपानी इंजिनिअर राहत आणि ती त्यांचा स्वयंपाक करी. मांसमच्छी शिजवणार नाही, ही अट तिने पहिल्याच दिवशी घातली होती. साहेबांनी ती मान्य केली. मासे ते पुण्याला जाऊन खात.

मी तेव्हा शिरूरहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. चाखून पाहावेत असे जपानी पदार्थ, हा विषय रविवारच्या पुरवणीसाठी मिळाला होता. मावशीने भाताचे त्रिकोणी गोळे केले, सोया सॉसमध्ये परतलेलं गाजर केलं आणि मिसोचं सूप करायला घेतलं. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा. त्याआधी तिने पाकिटातल्या पातळ, तपकिरी किलपा पाण्यात उकळून ते पाणी गाळून घेतलं.

"सुताराकडचा माल हाय," ती हसून म्हणाली. "रंधा मारला की पडतो तसला. आपल्या दगडफुलावानी कायतरी आसंल."

कंपनीच्या दुभाषी बाई तिथेच होत्या. हे काय असतं, असं मी त्यांना विचारलं.

"मासा आहे तो. धुरी देऊन वाळवतात. लाकडासारखा कडक झाला की किसतात."

मावशीने गॅस बंद केला.

"सहा महिनं मी रोज मीठ चाखून बघतीय."

"तुला कुठं माहीत होतं?" मी म्हणालो.

"जिभंनं तर खाल्लं ना?"

माळ तिने तेव्हाच काढली. साहेब जेवायला आले. दुभाषी बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. ते मावशीसमोर कमरेत वाकले. सुपाच्या पाण्याला आम्ही मासा समजतच नाही, म्हणून सांगायचं सुचलं नाही, असं त्यांनी कळवलं. मग खोलीतून एक काळी, कडक पट्टी आणली. ही समुद्रातली वनस्पती, त्यांच्याकडच्या मठांत सूप याचंच करतात, असं बाईंनी सांगितलं.

मावशीने पट्टी हुंगली, कोपरा मोडून पाहिला.

"ह्येला कवा डोळं हुतं का, इचारा."

साहेबांनी मान हलवून नाही म्हटलं.

"मग ऱ्हाऊ द्या हितं. माळ गळ्यात पडंल तवा येईन."

एकादशीला गावच्या बुवांनी तिला पुन्हा माळ घातली. द्वादशीला ती बंगल्यावर हजर झाली. काळी पट्टी भिजत घातली, सूप केलं आणि मीठ चाखून पाहिलं.