शिंगेबाई आणि गॅलरीतली जागा

आमच्या पेठेत शिंगेबाईंशी वाद घालायला सहसा कुणी उभं राहत नाही. बाई ओरडत नाहीत, डाफरत नाहीत. उलट समोरच्याला खुर्ची देतात, चहा विचारतात, त्याचं सगळं ऐकून घेतात आणि मग शांतपणे म्हणतात, "तुझं म्हणणं चुकीचं असतं, तर ते तुला कशावरून कळलं असतं?" या प्रश्नापुढं भल्याभल्यांची बोबडी वळलेली मी पाहिली आहे. मी त्यांचा विद्यार्थी. आता तालमीसमोर वह्या-पेनांचं दुकान चालवतो आणि अजूनही बाई आत शिरल्या की काउंटरमागं ताठ उभा राहतो.

विमला शिंगे मूळच्या कबनूरच्या. त्यांचे वडील, अण्णा, यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचे. एकदा एका मागावर सारखा धागा तुटायला लागला. मालक म्हणाला, हा नवा कामगार आल्यापासून तुटतोय, त्याचा हातच वाईट, काढून टाका. अण्णा म्हणाले, "काढू की. आधी त्याला शेजारच्या मागावर उभा करून बघू." शेजारच्या मागावर त्या पोराचं कापड झक्क निघालं आणि जुन्या मागावर मुरलेल्या कामगाराच्या हातीही धागा तुटतच राहिला. शेवटी बघितलं तर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या लाकडालाच चीर गेली होती. ही गोष्ट बाई प्रत्येक नव्या वर्गाला सांगायच्या. माणसाला नाव ठेवण्याआधी माग बदलून बघा, हे आमच्या डोक्यात त्यांनी असं बसवलं.

निवृत्त झाल्या तरी खोड गेली नाही. राजारामपुरीत एका क्लासच्या भल्यामोठ्या फलकाखाली त्या एकदा थांबल्या. फलकावर पहिल्या आलेल्या मुलांचे हसरे फोटो होते. बाईंनी आत जाऊन विचारलं, "हे पास झालेले दिसले. बाकीच्यांचे फोटो कुठं लावलेत?" क्लासवाला अजून उत्तर शोधतोय म्हणतात. मला मात्र या बाईंची खरी उंची कळली ती धोंडीमामांच्या प्रकरणात.

धोंडीराममामा आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे जुने वेडे. के.एम.टी.त कंडक्टर होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. इथं पेठेपेठेतल्या तालमींचे आपापले संघ असतात. इथं पोरगं आधी पेठेचं असतं, मग आईबापाचं. अशा गावात मामांवर शिक्का बसला होता पनवतीचा. मामा मॅचला आले की आपण हरतो. कुणी हे पहिल्यांदा म्हटलं देव जाणे, पण बघता बघता सगळी पेठ म्हणायला लागली. कुणी त्यांचा अपमान केला नाही, उलट फार प्रेमानं सांगितलं, "मामा, तुमी घरातच बसा की. जिंकलो की पेढे घेऊन येतो." मामा बसले. यंदा त्यांचा नातू पृथ्वीराज संघात आला, पहिला हंगाम, आणि आजोबा स्टेडियमबाहेर चहाच्या गाड्याजवळ उभं राहून आतला आरडाओरडा ऐकायचे. आवाजावरून गोल कुणाचा ते ओळखायचे. हे आठवलं की मला आजही भडभडून येतं.

सेमीफायनलच्या आधी त्यांची बायको शेवंताबाई बाईंकडं गेल्या. "ह्यांचं जेवनात ध्यान न्हाय बाई. नातू खेळतोय आणि ह्यो मानूस भिताडाला कान लावून बसतोय."

बाई त्याच संध्याकाळी तालमीत आल्या. पोरं उठून उभी राहिली. कर्णधार राजवीरनं खुर्ची पुढं केली.

"मामा आल्यावर हरतो, हे खरं का?" बाईंनी विचारलं.

"शंभर टक्के खरं, बाई. कुनालाबी इचारा."

"सगळे म्हणतात ते ऐकलं. घडलेलं सांग. मामा कधी कधी आलेले?"

पोरांनी भराभर फायनली आणि सेमीफायनली सांगितल्या. सगळ्या हरलेल्या. सांगताना राजवीरचा चेहरा असा, की बघा, आता बोला.

"आणि साध्या, साखळीतल्या मॅचला?"

"तवा कुठं यायला जमतंय? ड्युटी असायची त्यांची. रजा टाकून यायचे ते मोठ्या मॅचलाच."

"मोठ्या मॅचला समोर संघ कसा असतो?"

राजवीर बोलायला लागला आणि मध्येच थांबला.

"तगडा असतोय," तो हळूच म्हणाला.

"मामा नव्हते अशा मोठ्या मॅचा हरला नाहीत कधी?"

आता पोरं एकमेकांकडं बघायला लागली. हरलो होतो की! चांगल्या सणसणीत हरलो होतो. पण त्या लक्षात कोण ठेवतो? मागून कुणीतरी चिडून म्हणालं, "बाईंस्नी फुटबॉलमधलं काय कळतंय?"

"काही कळत नाही," बाई म्हणाल्या. "ऑफसाइड म्हणजे काय ते मला अजून समजलेलं नाही. पण मी आत्ता बोलले त्यात खोटं काय ते सांग."

सेमीफायनलला मामा गॅलरीत बसले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर संत्र्यांची पिशवी. आणि काय सांगू, शेवटच्या काही मिनिटांत पृथ्वीराजनं डोक्यानं गोल मारला आणि आम्ही जिंकलो! गॅलरी नुसती पेटली. पोरांनी मामांना खांद्यावर घेतलं, हलगीच्या तालावर पेठेत, बाईंच्या घरासमोर आणलं, गळ्यात हार घातला. "मामा लकी हाय! फायनलला ह्याच जाग्यावर, ह्याच शर्टात बसवायचं!" मामा लहान पोरासारखे हसत होते. मीही नाचत होतो. मला वाटलं बाई आता दारात येतील, हसतील. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं ना.

बाई दारात आल्या आणि गरजल्या, "खाली उतरवा त्यांना!"

त्यांचा असा आवाज मी शाळेतही ऐकला नव्हता. हलगी थांबली.

"काल पनवती, आज लकी. काय बदललं? उद्या हरलात की परत गेटाबाहेर काढणार ना त्यांना?"

राजवीर गोंधळला. "पर बाई, तुमच्याच बाजूनं बोलालोय की आमी."

"मला अशी बाजू नको," बाई म्हणाल्या. मग मामांकडं वळल्या. मामांचा चेहरा पडला होता. इतक्या वर्षांनी कुणी खांद्यावर घेतलं होतं आणि ते सुख बाई काढून घेत होत्या. त्यांच्याजवळ जाऊन बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "मामा, तुमच्या बसण्यानं काही होत नाही. चांगलं नाही, वाईट नाही. म्हणूनच तुम्ही कुठंही बसू शकता."

हरणाऱ्या वादात खोटा आधार घेणारी माणसं ढीगभर बघितलीत, मीही त्यातलाच. पण जिंकलेला वाद, गळ्यात हार घालून दारात आलेला, केवळ कारण खोटं म्हणून परत पाठवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्या रात्री मला बाई डोंगराएवढ्या वाटल्या.

फायनल आम्ही हरलो. बरोबरी झाली, पेनल्टीवर गेली आणि राजवीरचीच किक खांबाला लागली. आणि मग गॅलरीत मी बघितलं, एकेक मान मामांकडं वळायला लागली. मामांनी खाली बघतच पिशवी उचलली, चप्पल पायात सरकवली आणि उठले. इतक्या वर्षांत ती गोष्ट त्यांच्याही आत जाऊन बसली होती. मी त्यांना थांबवायला उठलो.

तेवढ्यात मैदानातून राजवीर गॅलरीच्या कठड्याशी आला. डोळे लाल, अंगाला माती. त्यानं मामांना उभं राहिलेलं बघितलं, मग त्या वळलेल्या माना बघितल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "मामा, कुठं निघालाय? किक मी घालवली. तुमच्या बसन्यानं काय बी होत न्हाय. बसा खाली!"

इतकं उद्धट बोलणं एवढ्या मायेनं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माना परत मैदानाकडं वळल्या. मामा बसले. थोड्या वेळानं पृथ्वीराज वर येऊन त्यांच्या शेजारी बसला, आणि मामांनी पिशवीतलं संत्रं काढून त्याला सोलून दिलं.