भिंतीवरची गोधडी

वच्छलाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू होई. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ती एकवीस वर्षं पॅकिंगला होती. मी तिथंच लोडिंगला होतो, तिच्या आधी निवृत्त झालो.

तिच्याकडं एक गोधडी होती. आजीनं शिवून आईच्या लग्नात दिलेली. ऐंशी वर्षं झाली असतील. ट्रंकेत राहून घडीवर कापड विरायला लागलं, म्हणून तिनं ती भिंतीवर लावायचं ठरवलं. मुलगा रामकिसन खिळे घेऊन आला.

"पणजीला खिळे ठोकतो काय रं?" ती ओरडली.

मग तिनं मांजरपाटाची वीतभर रुंद पट्टी गोधडीच्या मागं, वरच्या कडेला शिवली. टाका फक्त अस्तरातून. कामावरून आल्यावर रोज तासभर, नऊ दिवस. टाका वाकडा गेला की उसवून पुन्हा. पट्टीतून नळी ओवली, म्हणजे वजन सगळ्या कडेवर सारखं पडतं. भिंत निवडली ती ऊन न येणारी आणि कोरडी. नळीच्या हुकांसाठी भोकं मी पाडली, लेव्हल लावून. गोधडी चढली तशी वच्छलाबाईनं गिरकी घेतली. अठ्ठावन्नाव्या वर्षी!

पौषात वेरूळहून थोरली बहीण बानाबाई मुक्कामाला आली. दुसऱ्या दिवशी चारला वच्छलाबाईनं बाहेरच्या खोलीत दिवा लावला, तर भिंत रिकामी. तिनं मला फोन लावला, "भाऊजी, चोरी झाली!"

मी शेजारीच राहतो. अनवाणी पळालो. चोरानं नळी मात्र नीट कोपऱ्यात उभी केली होती.

आतल्या खोलीत गोधडीखाली बानाबाई घोरत होती.

"आक्का! ऊठ आधी!"

"काय झालं गं? लई थंडी व्हती. भिंतीला हुडहुडी भरली व्हती काय?"

"फाटली असती म्हंजे?"

"लहानपणी आपण दोघी हिच्यातच लोळलो. तवा नाय फाटली."

"तवा ती पण तरणी व्हती!"

वच्छलाबाईनं एकेक ठिगळ उजेडात धरलं. चारही कडा पाहिल्या, पट्टीचे सगळे टाके पाहिले. एकही सुटला नव्हता. मग ती अशी हसत सुटली की जमिनीवरच बसली. बानाबाईची कवळी हसता हसता निसटली, तेव्हा मलाही भिंत धरावी लागली.

कवळी बसवून बानाबाई म्हणाली, "मी संक्रांतीपतुर हाय. रोज हीच घेणार."

त्याच दिवशी वच्छलाबाई निवृत्त झाली, शेवटचा पगार हातात पडला. कारखान्यातून ती थेट गुलमंडीच्या बाजारात गेली आणि आक्कासाठी दुकानातली सगळ्यांत जाड रजई घेऊन आली.