आक्काची बारावी स्लाईड

मी चौथी पास. पण फोटोच्या कामात मला शिकवील असा माणूस बीड जिल्ह्यात भेटला नाही, हे मी तेव्हाही म्हणायचो आणि आताही म्हणतो. सिरसाळ्याच्या बाजारात माझा एका खोलीचा स्टुडिओ होता. मागच्या पडद्यावर बर्फाचा डोंगर रंगवलेला. तो मीच रंगवला होता. हिमालय तोवर बघितलेला नव्हता, त्यामुळं तो आपल्या बालाघाटावर चुना ओतल्यासारखा दिसायचा. गिऱ्हाइकांची काही तक्रार नव्हती.

लग्नं, बारशी, फॉर्मला लावायचे फोटो, हे सगळं पोटासाठी. जीव मात्र स्लाईडवर. स्लाईड म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. साध्या रोलची आधी निगेटिव्ह होते आणि मग तिच्यावरून कागदावर फोटो निघतो. त्यात फोटोवाल्याला चुका झाकता येतात, सावळी नवरी गोरी करता येते. स्लाईडच्या रोलला तसलं काही चालत नाही. कॅमेऱ्यात जो तुकडा असतो तोच धुऊन, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसून तुमच्याकडं परत येतो. एकच नग. उजेडाचा अंदाज चुकला की संपलं. पण जमली, आणि प्रोजेक्टरमध्ये घालून भिंतीवर पाडली, की बघणारा जागचा हलत नाही. म्हणून मला ती आवडायची. जसं केलं तसं दिसतं.

माझी थोरली बहीण, आक्का, धर्मापुरीला दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा मला आक्कानंच न्हाऊमाखू घातलं. तिच्या कपाळावर भस्माच्या तीन आडव्या रेघा नाहीत असा दिवस मी पाहिला नाही. बारा ज्योतिर्लिंगं करायची असं तिच्या मनात होतं. परळीचा वैजनाथ घरचाच, तो झाला. पुढचं काही व्हायच्या आधी गुडघे गेले.

"आता ऱ्हायलं ते," ती म्हणाली.

"कावून ऱ्हायलं? तू बस हितंच. देव मी घिऊन येतो."

बोललो खरं, आणि एकदा बोललो की मी मागं फिरत नाही. परळी, औंढा, वेरूळ, त्र्यंबक, भीमाशंकर जवळचे, त्यांच्या स्लाईडी पहिल्या दोन वर्षांत उरकल्या. मग दरसाल कापसाचा हंगाम संपला, लग्नसराई आटोपली, की मी एका देवाला जायचो. सोमनाथ, उज्जैन, ओंकारेश्वर, काशी, रामेश्वर, श्रीशैल. गाभाऱ्यात कॅमेरा नेऊ देत नाहीत, म्हणून शिखर, दार, नंदी, पायऱ्या, घाट असं सगळं टिपायचो. रोल मुंबईला टपालानं धुवायला जायचा आणि महिन्याभरानं स्लाईडी यायच्या, की मी प्रोजेक्टर पिशवीत घालून धर्मापुरीची एसटी धरायचो.

आक्काचं घर माळवदाचं, मातीच्या सपाट छताचं. भरदुपारी दार लावून वरच्या झरोक्यावर पोतं टाकलं की आत मिट्ट अंधार. दाजींचं एक पांढरं धोतर नीळ देऊन ठेवलेलं असायचं, तो आमचा पडदा. पहिल्या वेळी त्र्यंबकेश्वराचं शिखर धोतरावर उतरलं, तेव्हा आक्का उठली, काठी टेकत पुढं गेली आणि धोतराच्या खालच्या काठाला, पायरी दिसत होती तिथं, कुंकू लावलं.

"आक्का, पडदा खराब होतोय."

"देवाची पायरी हाय ती. मोकळी ठिवू?"

मग ते तसंच सुरू झालं. गल्लीतल्या म्हाताऱ्या यायला लागल्या. चपला बाहेर काढायच्या, धोतराला हळद-कुंकू लावायचं, कुणी उंबऱ्यावर नारळ फोडायचं. सारं गाव मला मामा म्हणायचं, आक्काचा भाऊ म्हणून. प्रोजेक्टरच्या दिव्यानं स्लाईडीचा रंग उडतो, त्यामुळं मी एका स्लाईडीला दहा श्वास मोजायचो आणि पुढं जायचो. म्हाताऱ्या ओरडायच्या. "मामा, थांबा की. आजून हात जोडायचेत. एसटी सुटायली का तुमची?" ते धोतर आक्कानं पुन्हा कधी धुऊ दिलं नाही. नंदी मोठा दिसला तर त्याच्या पायाशी दरवेळी हळदीचे ठिपके असायचे, ते काशीचे की रामेश्वराचे, कोण सांगणार.

अकरा झाले. केदार तेवढा राहिला.

तोवर दिवस पालटले होते. गावात एसटीडीचे बूथ झाले, माळवदांवर टीव्हीच्या छत्र्या आल्या, अंबाजोगाईत तासात फोटो धुऊन देणारं मशीन बसलं. स्लाईडचा रोल मी औरंगाबादच्या एका दुकानातून घ्यायचो. त्या वर्षी गेलतो तर दुकानदारानं दोन डब्या काउंटरवर ठेवल्या.

"काका, हे दोन घेऊन जा. पुढचा माल येईल का नाही, मलाच माहीत नाही."

"कावून?"

"मागणारे दोघंच. तुम्ही आणि कॉलेजातले एक सर. बाकी सगळ्यांना कागदावरचे फोटो पाहिजेत. कंपनी हा रोल बंद करणार, असं मुंबईचे लोक बोलतायत."

"लोकं कमी खात्यात म्हणून मीठ बंद करत्यात का?"

"मीठ सगळेच खातात, काका."

मला त्याचा राग आला. परत येताना एसटीत त्या दोन डब्या मी मांडीवर धरून बसलो होतो. पुण्याला, हैदराबादला बूथवरून फोन लावले, तिथंही तेच. येईल, न्हाई येणार, सांगता येत न्हाई. माझ्या डोक्यात एकच हिशेब. केदार राहिलाय आणि रोल दोन आहेत. रोलच बंद झाला तर आक्काचे अकरावरच अडकणार. तिचं वय बसून राहणारं नव्हतं, माझंही नव्हतं. त्याच उन्हाळ्यात जायचं ठरवलं.

रोल थंडाव्यात ठेवावे लागतात. माझा दोस्त मेडिकलवाला, त्याच्या फ्रिजमध्ये ठेवले. तो म्हणायचा, "बे, कुत्रं चावल्यावर द्यायच्या सुया आन तुजा देव एकाच कप्प्यात ठिवलाय म्या." त्यातला एक काढला आणि एक तिथंच राहू दिला. तो म्हणाला दोन्ही ने. मी म्हणलं, एका देवाला मला दोन रोल लागत न्हाईत.

निघायच्या आदल्या दिवशी आक्काच्या पाया पडायला गेलो. कॅमेरा साफ करून, मागचं झाकण उघडं ठेवून, तिच्या देवघरापाशी ठेवला आणि जेवायला बसलो. यात्रेला निघताना ती माझ्या कपाळाला भस्म लावायची आणि कॅमेऱ्यालाही लावायची. त्यावरून आमचं दरसाल भांडण. काचेला बोट लावू नको, असं मी आठ वर्षं ओरडत होतो. त्या दिवशी ती काही बोलली नाही, आणि मला वाटलं, शेवटी ऐकलं माझं. झाकण लावून कॅमेरा पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी परळीच्या स्टँडवर, यात्रेच्या गाडीपाशी, गप्पा मारता मारता रोल भरला. न बघता. डोळे झाकून रोल भरतो ही माझी ख्याती होती, आणि सोबतची मंडळी बघतायत म्हटल्यावर तर बघणं शक्यच नव्हतं.

केदारची चढण मी पायी चढलो. घोडेवाला मैलभर मागं लागला होता, मी ऐकलं नाही, आणि वर पोचलो तेव्हा छातीत भाता चालला होता. पण देऊळ समोर आलं, मागं खराखुरा बर्फाचा डोंगर. माझ्या पडद्यावरचा अगदीच चुकला होता. दोन दिवस राहिलो, सकाळच्या उन्हात छत्तीस फोटो घेतले. एकाही फोटोचा अंदाज चुकला नाही.

महिन्यानं टपाल आलं. भिंग लावून पहिली स्लाईड उजेडाकडं धरली. देऊळ तसंच्या तसं, बर्फ लखलखीत, आणि मधून आडव्या तीन बारीक काळ्या रेघा. दुसरीवर तीन. तिसरीवर तीन. छत्तीसच्या छत्तीस स्लाईडींवर, या काठापासून त्या काठापर्यंत.

मी मुंबईच्या धुणाऱ्याला शिव्या घातल्या. आठ दिवस घातल्या. शाळेतल्या गुरुजींकडून खरमरीत पत्र लिहून घेतलं आणि रजिस्टरनं पाठवलं. मग एक दिवस एका बारशासाठी रोल भरायला, केदारनंतर पहिल्यांदाच, यात्रेचा कॅमेरा उघडला, आणि या खेपेला आत बघितलं. झाकणाच्या आतल्या बाजूला रोल दाबून धरणारी पट्टी असते. तिच्यावर पाण्यात कालवून लावलेलं, वाळून खडबडीत झालेलं भस्म. तीन बोटं.

काचेला लावू नको म्हणालो होतो, म्हणून तिनं आत लावलं होतं.

मी स्टुडिओचं दार लोटून घेतलं आणि बर्फाच्या डोंगरासमोर बसून राहिलो. मुंबईवाल्याला माझं पत्र केव्हाच पोचलं होतं. त्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच. चूक त्याची नव्हती, एवढं आता इथं लिहितो.

आक्काला कसं सांगायचं? परळीच्या गाडीचा कंडक्टर तिचा निरोप आणायचा, "मामा, आक्का विचारायल्या, टपाल आलं का?" मी सांगायचो, "न्हाई आलं म्हणावं." असे दोन महिने खोटं बोललो. मनात ठरवलं होतं, फ्रिजमध्ये एक रोल आहे, येत्या उन्हाळ्यात परत जायचं, या स्लाईडी तिला दिसूच द्यायच्या नाहीत. मग दिवाळीच्या आधी निरोप आला, "आक्का म्हणायल्या, टपाल आलं नसलं तरी भाऊ तर येईल." मी पिशवी भरली.

दुपारी दार लावलं, पोतं टाकलं. आक्का, तिची सून आणि शेजारचे किराणा दुकानवाले आप्पा, एवढेच होतो. अकरा देव दाखवले. मग दुसरा इलाज नव्हता. बारावी स्लाईड घातली.

आप्पा उभे राहिले आणि हात जोडले.

"मामा, देवळाला त्रिपुंड उमटलंय. चमत्कार हाय ह्यो. साऱ्या गावाला बोलवा."

"बसा आप्पा," मी म्हणलं. "चरा हाय. रोलला चरा पडलाय."

"तीनच कसे पडतेत मग?"

आक्का काठी टेकत पुढं गेली. उजव्या हाताची मधली तीन बोटं त्या रेघांवर धरली, आणि रेघा तिच्या हाताच्या पाठीवरून गेल्या.

"म्या लावलं व्हतं," ती म्हणाली. "आतल्या अंगाला. तुजा केदार म्या नासला."

"मामा, आत्यांमुळं न्हाई झालं म्हणा की," सून हळूच म्हणाली.

पण आक्काला खोटं चालत नाही, आणि स्लाईडीलाही. मी म्हणलं, "लावलं तूच. पण रोल भरताना आत बघायचं काम माझं व्हतं. चार लोकांत मिरवायला न बघता भरला. चूक माझी हाय."

आक्का वळली. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या तोंडावर होता, आणि कपाळावर देवळाचं शिखर.

"काय म्हणालास?"

"ऐकलंस की."

"न्हाई, परत म्हण. सुनबाई, ऐक गं. ह्यानं साऱ्या जन्मात पयल्यांदा चूक कबूल केली. आप्पा, चमत्कार म्हणायचा तर ह्यो हाय."

आप्पा हसले, सून पदर तोंडाला लावून हसली. मी दहा श्वास मोजायचं विसरलो होतो. ती स्लाईड त्या दिवशी लई वेळ राहिली, आणि तिचा रंग आता सगळ्यात फिका आहे.

चहा झाल्यावर मी विषय काढला. "एक रोल हाय अजून. उन्हाळ्यात परत जाऊन येतो. बिनरेघांचा आणतो."

"तुला चढताना दम लागला व्हता. तुजं तोंड सांगतंय."

"न्हाई लागला."

"आत्ता चूक कबूल केली, लगीच खोटं बोलायला लागलास." तिनं बशी खाली ठेवली. "मला माजा बारावा पावला. माज्या हातचं भस्म लिऊन आला, आन तू म्हणतोस बिनरेघांचा आणतो. त्यो रोल हितं वापर. आपल्या दारचा केदारेश्वर, त्याची एक स्लाईड तू आजवर काढली न्हाईस."

"त्यो तर रोजचाच."

"रोजचाच हाय म्हणून. दरसाल एक दगड हलतोय त्याचा. पुढं तुजा रोल मिळंल का न्हाई, तूच म्हणालास."

यावर मी वाद घातला, पण फार नाही. मेडिकलवाल्याकडनं रोल आणला. धर्मापुरीच्या त्या जुन्या केदारेश्वराच्या पायरीवर आक्का येऊन बसली, आणि मी तिच्यासमोर कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, पट्टी मऊ फडक्यानं पुसली, तिला दाखवली, आणि रोल भरला. डोळे उघडे ठेवून. तिनं माझ्या कपाळाला भस्म लावलं आणि हात लुगड्याला पुसला. तीन दिवस मी भिंतींवरच्या मूर्ती टिपल्या, जसजसं ऊन फिरेल तसतसं. दगडाचा तो पिवळा-काळा रंग कागदावरच्या फोटोत कधी उतरला नसता.

त्यानंतर स्लाईडचा रोल मी घेतला नाही. औरंगाबादला माल पुढं आला का बंद झाला, ते विचारायलाही गेलो नाही. माझ्यापुरतं काम झालं होतं.

स्लाईडी आल्या त्या दिवशी घर भरलं होतं. बारा झाल्यावर तेरावा दाखवला. धोतराला जागा नव्हती, तरी कुणीतरी कुंकू लावलंच. मागून एका म्हातारीनं विचारलं, "लांबच्या केदाराला रेघा हायत, मग आपल्या दारच्याला कावून न्हाईत गं?"

"त्याला काय करायच्यात फोटोत," आक्का म्हणाली. "त्याला मी रोज सकाळी लावते. आन तू कर की पुढं, दहा श्वास झाले."