वाचून येणारी मोपेड

आमचे हे सिल्वासात मराठीचे शिक्षक. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला, त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "यात जगातली सगळी पुस्तकं भरली ना, की हा माणसासारखा विचार करेल बघ. शेवटी बुद्धी म्हणजे भाषाच!" मी म्हटलं, "भरा बापडे, मला काय!" पण खरं सांगते, डोक्यात तिडीक गेली.

कारण त्याच आठवड्यात माझं मोपेड शिकणं चाललं होतं. जवळच्या अथाल गावातल्या शाळेत मला नोकरी लागली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. सकाळी तिकडे जायला काही मिळायचं नाही. गाडी चालवता आली नाही तर नोकरी गेलीच. आणि मला ती हवी होती हो! लग्न करून कोकणातून आल्यापासून घरात बसून मी अगदी विटले होते.

ह्यांनी नवी मोपेड एका सरांना चालवत आणायला लावली. स्वतः कधी सायकलवरही बसले नव्हते, पण गाडीबरोबरचं पुस्तक तोंडपाठ! क्वार्टरच्या पायरीवर बसून सांगायचे, "तोल ज्या बाजूला जाईल, त्या बाजूला हँडल वळव." आणि मी धप्पकन मेंदीच्या कुंपणात. शेजारच्या गुजराती बेन "धीमे धीमे" करत धावत यायच्या. कोपर सोलवटलं तेव्हा मी ओरडलेच, "तुमची वाक्यं बरोबर आहेत हो, पण पडतेय मी!"

रविवारी संध्याकाळी पुन्हा पडले, चिडून उठले, आणि कसं कोण जाणे, गाडी चालायला लागली. तोल जातोय हे कळायच्या आधीच हात वळत होते. तेव्हा कुठे ह्यांच्या वाक्याचा अर्थ लागला. मी म्हटलं, "वाक्य खरं होतं, पण ते पडल्यावर कळलं. तुमचा कॉम्प्युटर कुठे पडणार?"

"मला तर न पडताच कळलंय," हे म्हणाले.

"मग चालवून दाखवा."

हे चष्मा पुसायला लागले.

सोमवारी मी वेळेवर अथालला पोचले. हेडबाईंनी विचारलं, "गाडी कुणी शिकवली?"

"आमच्या ह्यांनी," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

संध्याकाळी ह्यांना ते सांगितलं, तर एवढे खूश झाले की स्वतः उठून चहा टाकला. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "मला शिकवशील का गं?"