कोमल स्वरांना लाल शाई

छापखान्यात वाया गेलेले कागद कोपऱ्यात साचतात. रद्दीवाला ते घेऊन जातो. किस्से मात्र आपल्याकडेच राहतात. मी चौथी शिकलो आणि धुळ्याला आबांच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. तिथे सगळ्यात जास्त किस्से साचले ते भावसार मास्तरांचे.

मास्तर मुलींच्या शाळेत गाणं शिकवायचे. एका हिवाळ्यात त्यांचा आवाज बसला तो बसलाच. नुसते कुजबुजायचे. शाळेचे अध्यक्ष शेठजी म्हणाले, "गॅदरिंगला पोरी नीट गायल्या तर ठीक. नाहीतर दुसरा मास्तर बघावा लागेल."

गळा नाही तर शिकवायचं कशाने? मास्तरांनी आपल्या चाली छापून मुलींच्या हातात द्यायचं ठरवलं.

*

पहिल्याच पानाला अडलं. कोमल स्वराखाली आडवी रेघ लागते. आमच्याकडच्या बारीक रेघा दाबाखाली वाकायच्या. मास्तर पायरीवर जाऊन बसले.

शेजारी लग्नपत्रिका वाळत होत्या. मी म्हटलं, "मास्तर, गणपती लाल छापतो ना आपण? मग कोमल स्वरही लाल छापू."

मास्तरांनी माझा हात धरला, शाईसकट.

ट्रेडल मशीन सुपडू पायाने चालवायचा. आबा म्हणाले, "म्हणजे एकेक कागद दोनदा छापायचा. आधी सुपडूच्या पायांना विचारा."

*

तीव्र मध्यम आम्ही हौसेने पिवळा छापला. वर्गात ऊन आलं की अक्षर दिसेना. मुली ते गाळून पुढे जायच्या. मग शाई हिरवी केली.

सोनगीरचे एक नाना बियाण्याची जाहिरात छापायला आले होते. त्यांनी ते पान उलटसुलट करून पाहिलं. "हाई कसानी जाहिरात शे?"

"गाण्याची," मी म्हटलं.

"मंग मनी बी अशीच छाप. लोके वाचतीन नही, पन दखतीन तरी."

*

एकदा कागद सरकला. सगळा लाल रंग एकेक अक्षर पुढे गेला आणि शुद्ध होते ते स्वर कोमल झाले. मुली बिचाऱ्या छापलंय तसं गायल्या. मास्तर सायकलवरून छापखान्यात आले. रागावायचं होतं, पण कुजबुजत रागावणार कसं? त्यांनी पान सुपडूपुढे धरलं.

सुपडूने निरखून पाहिलं, लाल अक्षरं मोजली. "मास्तर, रंग ते बठ्ठा लागेल शे. जागा जराशी सरकनी."

मास्तर हसायला लागले. हसण्यालाही आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

*

शेठजींनी निरोप धाडला, "पानावर आमचं नाव मोठं आणि लाल हवं." मास्तरांनी चिठ्ठी लिहिली, "आमच्यात लाल म्हणजे उतरलेला सूर. छापू का?"

उत्तर आलं, "काळंच बरं."

*

सूर किती लांबवायचा, हेही कागदावर दिसायला हवं होतं. मास्तर पेटी वाजवायचे आणि मी समोर बसून खिळे लावायचो. जेवढा सूर लांब, तेवढी त्याच्यापुढे कोरी जागा. पेटी गप्प झाली तर तिथेही कोरी जागा. आबा म्हणायचे, "अरे, कोराच कागद द्यायचा तर शाई कशाला आणली?"

गॅदरिंगचं शेवटचं पान घाईत, आदल्या दिवशी छापून झालं. ते गाणं शकू नावाची मुलगी एकटी गाणार होती. मास्तर पेटीवर. मी पाठीमागे, दाराशी उभा.

शकू कागद धरून छान गात होती. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर थांबली. पेटीही थांबली. मंडपात कुजबुज सुरू झाली. शेठजी मान वळवून बघायला लागले. तेव्हा मला आठवलं. खिळे लावताना मास्तर तिथे पाणी प्यायला थांबले होते आणि मी अर्धी ओळ कोऱ्या खिळ्यांनी भरली होती.

शकू शांत उभी. कोरी जागा संपली आणि तिने पुढचा सूर बरोबर उचलला.

शेठजींनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. "एवढं थांबून पुन्हा सुरावर येणारी पोरगी आम्ही ऐकली नव्हती. मास्तर हेच राहतील."

मंडप रिकामा झाल्यावर मी मास्तरांजवळ गेलो. "मास्तर, ती चूक माझी. तिथे तुम्ही पाणी प्यायला थांबला होतात."

"माहीत आहे," मास्तर कुजबुजले. "आजही तेवढ्यात पिऊन घेतलं."