फवारणीच्या पंपाने धुतलेला कूलर

मळणीयंत्राच्या अपघातानंतर आमच्या थोरल्या भावाचा, दादांचा, डावा पाय गुडघ्यात वाकेना. क्लच दाबणे संपले. म्हणून आम्ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि दादा कुणाचीही वाट न पाहता बोरीच्या घरून शेतात जाऊ लागले.

पुढे तिचा गिअरबॉक्स गेला. परभणीच्या मिस्त्रींनी तो नवा करून दिला, पण बजावले, की त्याचे तेल थंड करणारा कूलर मशीनने धुतल्याशिवाय जोडणार नाही. जुन्या गिअरबॉक्सचा लोखंडी चुरा कूलरच्या बारीक नळ्यांत बसलेला असतो. तो नव्यात गेला की सगळे पुन्हा खलास. तसे झाले तर गाडी विकायची, हे घरात ठरले होते. दादांनी ते ऐकले होते.

मशीन नांदेडहून यायचे होते. दादांना धीर निघेना. आमच्याकडे बेअरिंगपासून नोझलपर्यंत सगळे डिझेलने धुतात. मिस्त्री जेवायला गेले, तेवढ्यात दादांनी घरून एसटीने गॅरेजवर आणलेला कपाशीच्या फवारणीचा पंप काढला, त्यात डिझेल भरले आणि नळी कूलरला लावली. दांडा हाणायला मीच होतो.

मिस्त्री परतले. "काका, बोंडअळी मारायलाव का?"

"घाण काढायलो."

"निघाली?"

"कुठं? घातलं तेवढं डिझेल बी निघंना."

"एक पाहुणा काढायचा होता, तुमी दुसरा आणून बसवला!"

मी हसलो. दादा हसले नाहीत. हळूच म्हणाले, "लय बिघडलं का?"

"मशीन येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी मशीन आले. चाकांवरची टाकी, तिला दोन रबरी होसपाइप. ते कूलरच्या दोन तोंडांना जोडले, की मशीन गरम तेल आणि हवा धक्क्याधक्क्याने आत ढकलायचे. आधी डिझेल आले, मग काळे तेल, मग स्वच्छ. दादा उठायला लागले. मिस्त्रींनी त्यांना खूण करून बसवले आणि प्रवाह उलटा केला. होसमधून काळा रबडा आला.

"ठिबकच्या नळीवानी हाय की," दादा म्हणाले. "उलटं पाणी मारल्याबिगर गाळ सुटत न्हाई."

शेवटी मिस्त्रींनी नवे लाल तेल सोडले. वीस सेकंदांत लिटरभर यायला हवे होते; मी घड्याळ धरले, आले. दादांचा घड्याळावर विश्वास नव्हता. त्यांनी खिशातून कापसाचे बोंड काढले, सरकी बाजूला केली आणि कापूस धारेखाली धरला. मग तो उन्हात पिंजून चमक शोधत राहिले. लोखंडाचा एक कणही नव्हता.

गिअरबॉक्स बसल्यावर गाडी दादांनीच चालवली. बोरी आली, गेली.

"दादा, घर मागं राहिलं."

"माहीत हाय."

थेट येलदरीच्या धरणावर जाऊन थांबले. पाण्याकडे बघत म्हणाले, "गिअर कधी पडायलाय, कळत बी न्हाई."

आता दादा नाहीत. गाडी मी चालवतो. तो कापूस त्यांनी समोरच्या कप्प्यात ठेवला होता. लालाचा तपकिरी झालाय. गाडी पुसताना बायको दरवेळी विचारते, हे टाकू का. मी म्हणतो, राहू दे.